वाचलेल्यांची साक्ष: पुरावा आहे, पण कशाचा?

समजा, शिंदखेड्यात बसून तुम्ही मोबाईलवर ज्यूंच्या वंशसंहारावरचा एक चित्रपट बघितला. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ठरवलं, पीएचडीला हाच विषय घ्यायचा. जरूर घ्या. पण सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला विचारा: वाचलेल्या माणसाची साक्ष हा पुरावा आहे, पण नेमका कशाचा?

क्लोद लांझमान यांचा 'शोआ' (1985) घ्या. नऊ तासांहून मोठा चित्रपट, पण त्यात त्या काळातलं चित्रण अजिबात नाही. माणसं बोलतात, आपण ऐकतो. त्यातले आब्राहाम बॉम्बा हे व्यवसायाने न्हावी. ट्रेब्लिंका छावणीत त्यांना गॅस चेंबरमध्ये मारल्या जाणाऱ्या बायकांचे केस कापायला लावलं होतं. चित्रपटात ते सलूनमध्ये एकाचे केस कापत हे सांगतात आणि एका जागी त्यांना पुढे बोलवतच नाही. ते सलून लांझमान यांनी चित्रणासाठी भाड्याने घेतलं होतं. मग साक्ष खोटी ठरते का? मुळीच नाही. पण ती कुठे दिली, कोणी काय विचारलं, हेही तुमच्या नोंदीत यायला हवं.

आता महाराष्ट्रातलं उदाहरण. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकलून नेलेल्या कुटुंबांपैकी ही माणसं, इराणमार्गे इथे पोहोचलेली. अशा माणसांच्या आठवणींत भूक येते, थंडी येते, वाटेत दगावलेली भावंडं येतात. मग याला वंशसंहार म्हणायचं का?

घाई करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. आठ वर्षांच्या मुलीला भूक आठवते. मॉस्कोतल्या हुकमामागचा हेतू तिला कसा ठाऊक असणार? त्यासाठी आदेश, याद्या, पत्रव्यवहार तपासावा लागतो. उलट त्या कागदांत तिची भूक सापडत नाही. म्हणून दोन्ही लागतात, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. आणि हो, तो शब्द लागू झाला नाही, म्हणून त्या मुलीचं दुःख लहान होत नाही.

शेवटचा मुद्दा भाषेचा. 'शोआ'मध्ये दुभाषीचा आवाज कापून टाकलेला नाही. अर्थ एका भाषेतून दुसरीत जाताना आपल्याला ऐकू येतो. उद्या तुम्ही आपल्याच तालुक्यात धरणग्रस्तांच्या किंवा दुष्काळाच्या आठवणी गोळा कराल. म्हातारी माणसं अहिराणीत बोलतील. तेव्हा थेट प्रमाण मराठीत उतरवून घेऊ नका. आधी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, जिथे ती गप्प बसली तिथे तशी खूण करा, मग खाली मराठी अर्थ द्या. साक्ष देणाऱ्याचा मान राखायचा, तर तो इथूनच सुरू होतो.