छर्रा आणि नळी

चंदीगडच्या अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे दहा मीटर एअर रायफलीत भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. श्रोतेहो, त्या लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! तेथे नुसता हात स्थिर असून भागत नाही. शिशाचा छर्राही नळीला मानवावा लागतो. दाबलेली हवा छर्‍याचा मागचा पोकळ घेर फुगवून नळी बंद करते. डोके मात्र पिळाच्या खाचांत नेमके बसावे लागते. सैल असेल तर छर्रा डळमळतो. म्हणून ४·४९, ४·५० अशा मापांच्या डब्या आणून, रायफल पकडीत आवळून, प्रत्येकीतले छर्रे झाडून पाहतात. ज्यांची छिद्रे एकमेकांत मिसळून एकच भोक पडते, ती डबी त्या रायफलीची. बंदुकीलाही आवडनिवड असते म्हणा ना! शेजारच्या रायफलीला तीच डबी मानवेल, असे नाही.