खुर्चीखालचा रेकॉर्डर

डिसेंबर 2025 मध्ये पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर' या अल्बमच्या पन्नाशीनिमित्त एक मोठा संच बाजारात आला. अशा संचांत काय असतं ते आता ठरून गेलंय. मूळ गाणी पुन्हा घासूनपुसून दिलेली असतात आणि स्टुडिओत बाजूला पडलेले तुकडे जोडीला असतात. या संचात मात्र चक्क चोरीचा माल होता, आणि तोही उजळ माथ्याने. 26 एप्रिल 1975 या शनिवारी लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनात झालेला कार्यक्रम कुणीतरी प्रेक्षकांत बसून, कुणालाही न विचारता टेप केला होता. तोच संचात घातला होता. कंपनीने टेप करणाऱ्याचं नावसुद्धा जाहीर केलं, माइक मिलार्ड. त्या रात्री दारावर सापडला असता तर मिलार्डला बाहेरचा रस्ता दाखवला गेला असता. पन्नास वर्षांनी त्याचीच टेप बँडने रीतसर किंमत लावून विकायला काढली. ते पाहायला मिलार्ड मात्र नव्हता. तो 1994 मध्येच गेला.

सत्तरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात गाजलेले किती कार्यक्रम या एका माणसाने टिपले, याची यादी पाहिली की थक्क व्हायला होतं. लेड झेपलिन तर त्याचा खास आवडता बँड. जून 1977 मध्ये झेपलिनने लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये सहा रात्री वाजवलं. त्यातल्या पहिल्या रात्रीची, म्हणजे 21 जूनची मिलार्डची टेप 'लिसन टू धिस, एडी' या नावाने चोरबाजारात इतकी फिरली, की बँडच्या कित्येक चाहत्यांनी ती अधिकृत तबकड्यांपेक्षा जास्त वेळा ऐकली असेल. ढोलाचा घाव छातीवर बसावा असा जॉन बॉनमचा ड्रम त्या टेपवर वाजतो.

बाकीच्यांच्या टेप बंद डब्यातून आल्यासारख्या वाजत असताना याची अशी का वाजते, याचं पहिलं उत्तर त्याच्या सामग्रीत आहे. नाकामिची 550 हा जपानी कॅसेट रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा, पण खिशात मावणाऱ्यातला नव्हता. चांगली सूटकेसएवढी वस्तू, आणि वजनदार. जोडीला ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीचे 451 मायक्रोफोन, म्हणजे स्टुडिओत वापरायचे, नाजूक आणि महागडे. हे धूड आत न्यायचं कसं? मिलार्ड चाकांच्या खुर्चीत बसायचा, रेकॉर्डर आसनाखाली जायचा, मायक्रोफोन टोपीत लपायचे आणि मित्र खुर्ची ढकलत न्यायचा. धडधाकट माणसाने अपंगाचं सोंग घ्यावं हे आज वाचताना खटकतं, खटकायलाही हवं. पण दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्या खुर्चीला वाट करून दिली नसती, तर हा लेख लिहायला विषयच उरला नसता.

उपकरणं पैसे मोजून कुणालाही मिळतात. खरी कसोटी आत गेल्यावर सुरू व्हायची. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांत संपते. फ्लॉइड त्या दौऱ्यात 'डार्क साइड ऑफ द मून' सलग वाजवत, आणि मंचावर ते पन्नास मिनिटांच्या वर जाई. म्हणजे मधे कुठेतरी कॅसेट उलटणं आलंच. कधी उलटायची? गाणं निवांत असताना की टाळ्यांत? कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंदांची कोरी फीत असते, तिच्यावर काहीच उमटत नाही. म्हणून मुरलेला टेपवाला पुढची कॅसेट आधीच तेवढी पुढे गुंडाळून मांडीवर तयार ठेवतो. हे सगळं अंधारात, बोटांच्या अंदाजाने. शेजारी कुणी गायला लागलं तर त्याला गप्प करायची सोय नाही, आणि आपल्याला स्वतःला टाळी वाजवायची चोरी. अशी माणसं कार्यक्रम कितपत उपभोगत असतील, देव जाणे.

त्या शनिवारी स्पोर्ट्स अरीनात नेमकं काय वाजलं, हा या टेपचा गाभा आहे. 'विश यू वेअर हिअर' बाजारात यायला अजून साडेचार महिने होते, तो आला 12 सप्टेंबर 1975 रोजी. तरी 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लोकांपुढे मांडलं जात होतं, आणि त्याचे दोन भाग करून मधे 'हॅव अ सिगार' बसवलं होतं. अल्बमवर हे गाणं रॉय हार्परच्या आवाजात आहे. मंचावर बँडचेच रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मर मिळून ते ओढून नेतात, आणि हार्परची सवय झालेल्या कानाला ते दुसरंच गाणं वाटतं. अल्बमचं शीर्षकगीत तर कार्यक्रमात नाहीच.

त्याहून मोलाची सुरुवातीची दोन गाणी आहेत. 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग' आणि 'यू गॉट्टा बी क्रेझी' ही दोन्ही 'विश यू वेअर हिअर'वर आली नाहीत. ती मागे ठेवली गेली आणि 1977 च्या 'अ‍ॅनिमल्स'मध्ये 'शीप' आणि 'डॉग्ज' होऊन अवतरली. 1975 मध्ये ती अजून कच्ची आहेत, शब्दांची नुसती गर्दी आहे. गिल्मर धापा टाकत ओळी संपवतो. पुढे वॉटर्सने किती काटछाट केली ते टेप आणि अल्बम पाठोपाठ ऐकल्यावर कळतं. स्टुडिओची तबकडी गाणं पूर्ण झाल्यावरचं रूप दाखवते. घडत असताना ते कसं होतं, याचा पुरावा अशा टेपवरच सापडतो. माझ्या मते मिलार्डची खरी कमाई हीच. 'आवाज किती स्वच्छ' हे कौतुक दुय्यम आहे.

स्पोर्ट्स अरीनातल्या फ्लॉइडच्या पाच रात्रींची आणखी एक नोंद इतिहासात आहे, ती पोलिसांची. 23 ते 27 एप्रिलच्या कार्यक्रमांत लॉस एंजेलिस पोलिसांनी पाचशेच्या वर प्रेक्षक धरले, बहुतेक गांजासाठी. बाहेर एवढी धरपकड चाललेली असताना खुर्चीखाली रेकॉर्डर ठेवून बसायला छाती लागते.

हा उद्योग मिलार्डने सुरू केला नव्हता. नोव्हेंबर 1969 मध्ये ओकलंडला रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम एकाने उहेर रेकॉर्डर आणि लांब नळीचा मायक्रोफोन घेऊन टेप केला. त्याची तबकडी इतकी खपली की पुढच्या वर्षी स्टोन्सने स्वतःचा मंचीय अल्बम काढला त्यामागे तीच असल्याचं बोललं गेलं. झेपलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट मात्र हातघाईवर येई. 1971 मध्ये व्हँकुव्हरला त्याने मायक्रोफोन लावलेलं एक यंत्र दिसताक्षणी मोडून टाकायला लावलं. ते निघालं ध्वनिप्रदूषण मोजणाऱ्या सरकारी माणसांचं! ग्रेटफुल डेडने उलट वाट धरली आणि 1984 पासून टेप करणाऱ्यांना प्रेक्षागृहात वेगळी जागाच नेमून दिली. मला विचाराल तर शहाणपण डेडचं. टेप करणारा आणि त्या टेपच्या तबकड्या छापून गल्ला भरणारा, या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करणं चूक आहे. मिलार्ड मित्रांना प्रती देई, पण त्या प्रतींत बारीकशा खुणा ठेवी, म्हणजे माल चोरबाजारात गेलाच तर कुणी फितुरी केली ते कळावं, असं सांगतात. चोराच्या घरी चोरी होऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त!

पण प्रती व्हायच्या त्या झाल्याच. कॅसेटवरून कॅसेट केली की प्रत्येक पिढीत सरसर वाढते आणि झांजेची धार बोथट होते. चाहत्यांच्या हाती होत्या त्या अशाच खालच्या पिढ्यांच्या प्रती. मरणापूर्वी मिलार्डने मूळ कॅसेट नष्ट केल्या अशी वदंता बरीच वर्षं होती. ती खोटी ठरली. मूळ कॅसेट शाबूत होत्या, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्यावरून नव्याने प्रती निघाल्या. फ्लॉइडच्या संचासाठी डागडुजी स्टीव्हन विल्सनने केली. तो स्वतः संगीतकार आहे आणि जुनी ध्वनिमुद्रणं नव्याने उभी करण्यात त्याचा हात धरणारे थोडेच.

अशा टेप अजूनही निघताहेत. 2023 मध्ये बीबीसीने बीटल्सची एक टेप उजेडात आणली. 4 एप्रिल 1963 रोजी इंग्लंडमधल्या स्टो या निवासी शाळेच्या सभागृहात बीटल्स वाजले होते आणि पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ते स्पूलवर घेतलं होतं. पहिला अल्बम येऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. तास उलटून जाईल एवढी ती टेप साठ वर्षं त्याच्यापाशी राहिली. प्रेक्षकांत जवळजवळ सगळे मुलगेच, त्यामुळे पुढे बीटल्सचा प्रत्येक कार्यक्रम गिळून टाकणारा तो किंचाळ्यांचा कल्लोळ इथे नाही. चौघं काय वाजवताहेत ते ऐकू येतं.

मराठी रसिकाला यात नवल वाटू नये. 78 च्या तबकडीवर ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत गुंडाळावा लागे. अण्णा मन्सूर, कुमारजी तासभर राग कसा मांडत हे आज आपल्याला ऐकता येतं, त्यात स्पूलचं यंत्र टॅक्सीत घालून मैफलीला जाणाऱ्या रसिकांचा वाटा मोठा आहे. रॉकचेही धागे इथे आहेत. 1972 मध्ये झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी मुद्रित केली. ती चोरून फिरत राहिली आणि 2015 मध्ये 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आली. 1980 च्या मार्चमध्ये धोबी तलावच्या रंगभवनात द पोलीस हा बँड वाजला. 1986 पासून तिथेच इंडिपेन्डन्स रॉक भरू लागलं. त्या गर्दीत कुणाच्याच झोळीत टेपरेकॉर्डर नव्हता, हे मला पटत नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी खोकी असतील तर दोन कामं करा. कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे चौकोन मोडले नसतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. आणि बुरशी दिसली तर ती जुन्या यंत्रात घालून बघायचा मोह आवरा. फीत एकदा तुटली की निभावतं, पण यंत्रात गुंतून चुरगळली तर सरळ करणं जड जातं. कार्यक्रम कुठला, तारीख कुठली, कुणी टेप केलं, हे आठवतंय तोवर कागदावर लिहून खोक्यात ठेवा आणि मग जाणत्याकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या.