आधी मीटर, मग सेन्सर

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि डिझेल ट्रकच्या सायलेन्सरभोवतीचा वायरिंगचा संसार वाढला: नॉक्स सेन्सर, तापमान सेन्सर, युरियाचा पंप. डॅशबोर्डवर दिवा पेटला, की थेट महागडा नॉक्स सेन्सर बदलण्याची घाई होते. त्याऐवजी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर आणावा.

बॅटरी सोडवून कॅनच्या, म्हणजे सेन्सर आणि ईसीयू यांच्यात संदेश नेणाऱ्या जोडणीच्या, दोन वायरींमधला रोध मोजा. सुमारे ६० ओहम म्हणजे ठीक. १२० आला तर एका टोकाचा रोधक किंवा वायर तुटलेली, शून्याजवळ आला तर वायरी एकमेकींना चिकटलेल्या. अर्थिंगची परीक्षा मात्र ओहमवर नको. एकाच तारेवर तगलेली वायरही तिथे पास होते. बॅटरी पुन्हा जोडा आणि भार चालू ठेवून अर्थच्या जोडापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत व्होल्टेज किती पडते ते पाहा.

सेन्सरच्या वायरिंगचा कपलरही उघडाच. ३२.५ टक्के युरियाचे द्रावण आत झिरपले, तर तांबे खाते. पिनांवर पांढरे-हिरवे थर दिसतात. पिना, सील दुरुस्त करूनही बिघाडाचा कोड परत आला, तरच सेन्सरला हात लावा.