वर्गमित्रांना मार्क देताना आपलाच अभ्यास होतो. कसा ते समजून घ्या

गटाचं प्रेझेंटेशन संपतं आणि सर म्हणतात, ‘आता यांना दहापैकी मार्क तुम्ही द्या.’ पुढं काय होतं ते सांगायला नको. मित्राला नऊ, मित्राच्या मित्राला आठ आणि गेल्या आठवड्यात ज्यानं आपल्याला पाच दिले त्याला चार!

तरीही ही पद्धत आता वाढणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शाळेच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांसोबत स्वतः विद्यार्थ्यानं आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापनही असायला हवं. पण यात मार्क देणाऱ्याला काय मिळतं?

देणारा जास्त शिकतो

क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांचा २००९ मधला अभ्यास इथं महत्त्वाचा आहे. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले गेले. एक गट फक्त इतरांचे निबंध तपासून अभिप्राय द्यायला शिकला, दुसरा मिळालेला अभिप्राय वापरायला. नंतर स्वतःच्या लेखनात जास्त सुधारणा दिसली ती अभिप्राय देणाऱ्यांमध्ये. हा अभ्यास निबंधांचा होता, पण प्रेझेंटेशनमध्येही तेच का घडावं, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, कल्याणच्या एखाद्या कॉलेजात कोनच्या मुलांचा गट ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ वर बोलतोय. आराखड्यात कोन गाव स्थानक आहे, त्यामुळे विषय घरचाच. नकाशा झाला, खर्च झाला, शेवटची स्लाइड आली : ‘मेट्रोमुळे कोंडी फुटेल.’ नुसता ऐकणारा टाळ्या वाजवतो. ज्याला मार्कासोबत कारणही लिहायचंय, तो अडतो. कोंडी किती फुटेल? दुर्गाडी पुलावर अडकलेल्या गाड्यांत प्रवासी किती आणि गोदामांचे ट्रक किती? ट्रक काही मेट्रोत चढणार नाहीत.

हा प्रश्न ज्याला पडला, तो घरी जाऊन आपल्या गटाच्या स्लाइड उघडतो, तेव्हा तिथलं ‘रोजगार वाढेल’ हे वाक्यही तसंच लटकताना त्याला दिसतं. शिकणं होतं ते इथं. नुसता ‘९’ लिहून मोकळं होणाऱ्याच्या पदरात यातलं काहीच पडत नाही.

मुलांच्या मार्कांवर भरवसा ठेवायचा?

बऱ्यापैकी. नॅन्सी फाल्चिकॉव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच यांनी २००० मध्ये ४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे मार्क बरेचसे जुळत होते. निकष नीट समजलेले असतील आणि एकूण कामाला एकच मार्क द्यायचा असेल, तर ते अधिक जुळतात. त्यामुळे ‘आवाज – २, पोशाख – १, स्लाइडचा रंग – १’ असे दहा रकाने छापणाऱ्यांनी थोडं थांबावं.

दोस्ती-दुश्मनीवर आकडेमोडीचा एक साधा उपाय आहे. पाच जणांनी ७, ७, ६, ८ आणि २ दिले तर सरासरी ६ येते. तेच आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घेतला, म्हणजे मध्यक काढला, तर ७. एकट्याचा राग तिथं निष्प्रभ ठरतो.

फाडफाड इंग्रजीचं काय? त्यावर मध्यक चालत नाही, कारण भुरळ सगळ्यांनाच पडते. अडखळत बोलणाऱ्या मुलीनं स्वतः दहा यंत्रमाग कारखान्यांत फिरून माहिती आणली असेल, तर ती मार्कात दिसायला हवी. म्हणून ‘माहिती कुठून आणली?’ हा प्रश्न चिठ्ठीवर आधी हवा. आणि पाचांच्या गटात एकच जण राबला का, हे समोर बसलेल्यांना कळत नाही. ते त्या गटालाच वेगळं विचारावं लागतं.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. साठ मुलं, पाच-पाचांचे बारा गट, प्रत्येकानं बाकीच्या अकरा गटांबद्दल लिहायचं म्हटलं तर ६६० चिठ्ठ्या होतात. त्याऐवजी प्रत्येकाला दोनच गट वाटून द्यावेत : १२० चिठ्ठ्या, प्रत्येक गटाला दहा. मार्क एका आकड्यात, आणि खाली दोन ओळी : काय पटलं नाही, का पटलं नाही.