गुळवेल, पावडर आणि दोन मायक्रोग्रॅम

नगर रस्त्यावरचं कारेगाव हे शिरूर तालुक्यातल्या ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातलं गाव. शेजारी रांजणगावची एमआयडीसी उभी राहिली, कंपन्या आल्या, पाळीवर जाणारी माणसं खोल्या भाड्यानं घेऊन राहू लागली आणि गावाचा बाजार बदलला. अशा गावातल्या मेडिकलमध्ये आता तापाच्या गोळीशेजारी प्रोटीनचे डबे, मल्टिव्हिटॅमिनच्या पट्ट्या, आवळा-कोरफडीचे रस आणि अश्वगंधाच्या कॅप्सूल मांडलेल्या असतात. रात्रपाळी करून थकलेला तरुण त्यातलं काहीतरी उचलतो. काय उचलायचं हे त्याला जाहिरात सांगते, नाहीतर सोबतचा कामगार. या प्रश्नाचं बरंचसं उत्तर पुणे जिल्ह्यातच, गेल्या तीस वर्षांत, रक्ताचे नमुने तपासून शोधलं गेलं आहे. ते अजून या फळीपर्यंत पोचलेलं नाही.

तयार औषधांची सवय महाराष्ट्राला जुनी. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा कारखाना सुरू झाला, पुण्यात १९३५ मध्ये आयुर्वेद रसशाळा. घरी कुटायची चूर्णं आणि मुरवायची आसवं बाटलीबंद झाली आणि वैद्य समोर नसतानाही औषध मिळू लागलं.

याच्या अगदी उलट प्रयोग दौंडच्या वाटेवर झाला. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचा निसर्गोपचाराचा दवाखाना होता आणि गांधीजींचा त्याच्याशी जवळचा संबंध होता. पण शहरात बसून गरिबांपर्यंत निसर्गोपचार पोचणार नाही, हे गांधीजींना पटलं आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला आले. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, साधा आहार, स्वच्छता आणि रामनाम एवढीच तिथली औषधं. महिना संपता संपता ते दिल्लीला गेले. मागे राहिले त्यांचे सहकारी मणिभाई देसाई. त्यांनी आश्रम तर चालवलाच, पण गायी-म्हशींच्या पैदाशीचं काम हाती घेऊन १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था काढली. लोकांच्या आरोग्यासाठी आलेल्या माणसानं गोठ्याकडे लक्ष द्यावं, ही बाब पुढच्या संशोधनाच्या उजेडात फार मोलाची वाटते.

सरकारची वाट गोळीची होती. १९७० मध्ये गर्भवती आणि लहान मुलांसाठी लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. अर्धशतक उलटलं. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या आणि पाचव्या फेरीत हा आकडा ५४ टक्क्यांवर गेला. फळीवरचे डबे वाढत होते त्याच काळात हे घडलं.

याच काळातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयानं केलं. केईएमचं एक ग्रामीण केंद्र शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुकला आहे. कारेगावहून पुण्याकडे निघालं की कोरेगाव भीमापाशी तिथला फाटा लागतो. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास हाती घेतला. सुमारे ८०० बायका काय खातात, किती राबतात, रक्तात काय आहे, बाळ केवढं होतं, हे सगळं मोजलं गेलं. नुसत्या उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, फळं आणि पालेभाज्या वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं मात्र अधिक भरलेली होती. मेथी, शेपू, चाकवताच्या जुडीला शास्त्राची अशी साक्ष मिळाली.

पुढचा निष्कर्ष जास्त धक्कादायक होता. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. आपल्याला ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून मिळत नाही. दूध डेअरीला आणि घरात काळा चहा, अशी रीत असली की ते कमी पडणारच. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांमध्ये फॉलेट (फॉलिक ॲसिडचंच रूप) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक गोळी चांगली म्हणून तेवढीच देत राहिलं की दुसरी उणीव झाकली जाते, हे त्यातून समजलं.

मग २०१२ मध्ये हीच मुलं किशोरवयात आल्यावर ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. काहींना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं, काहींना औषध नसलेली कॅप्सूल. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यातले दोन. यातल्या मुली पुढे आई झाल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बी-१२ घेतलेल्या आयांची बाळं दोन वर्षांची असताना आकलन आणि भाषेच्या चाचणीत पुढे होती. तपासलेल्या बाळांची संख्या लहान होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही पूरक आहार कसा निवडावा याचा इतका प्रामाणिक नमुना मराठी मुलखात दुसरा क्वचितच सापडेल. आधी उणीव मोजली, मग नेमकी तीच भरली आणि परिणाम पुन्हा तपासला.

करोनाकाळात नेमकं याच्या विरुद्ध झालं. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका यांचा काढा सुचवला. तो स्वयंपाकघरातलाच होता. पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. गुळवेलीचे तुकडे उकळून महिनोन्‌महिने पिणं सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. मंत्रालयानं हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा मुद्दा मांडला. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बांधावरची वेल ओळखण्यात चूक होते, हे मान्य केलं तरी पिणाऱ्याची जोखीम तेवढीच राहते. ज्यांना आधीच यकृताचा किंवा थायरॉइडसारखा, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यानं होणारा आजार आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.

डब्यांचीही तीच गत. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांवर छापलेलं प्रथिनांचं प्रमाण खरं नव्हतं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला. डाळ-उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांतून कष्टकऱ्याची गरज भागते आणि ते पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

डबा हातात घेतलाच तर मागची बारीक अक्षरं वाचावीत. पूरक आहार असेल तर त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना असते. ‘साखर मुळापासून घालवतो’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला ही ओळ बोट ठेवून दाखवावी. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद केलेली आहे. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक लागतो, पण ग्रंथोक्त औषधाला तो मिळण्यासाठी नवी रुग्णचाचणी द्यावी लागत नाही. भस्मं आणि रसौषधी तर वैद्याच्या देखरेखीविना घेऊच नयेत. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या २००८ मधल्या अमेरिकी तपासणीत सुमारे २१ टक्क्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेची आग असं काही होत असेल, तर पुढचा डबा घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच, कारण त्यानं बी-१२ कमी होऊ शकतं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातला काढा, चूर्ण, पावडर सगळं पिशवीत घालून न्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवा.