अलकाचे काय चुकले?

मुलुंडला राहणाऱ्या बाईने तुम्हाला शेतीच्या कादंबऱ्यांविषयी काय सांगावे, असे तुम्ही म्हणाल. म्हणणे रास्त आहे. पण मी मूळची माण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईस आले, नोकरी अंधेरीला लागली, आणि बरीच वर्षे मुलुंड ते घाटकोपर लोकलने, पुढे घाटकोपर ते अंधेरी बसने असा प्रवास केला. ८ जून २०१४ ला घाटकोपर ते अंधेरी मेट्रो सुरू झाली, तेव्हा पुस्तक हातात धरून उभे राहण्याइतकी जागा मिळू लागली. बायकांच्या डब्यात कुणी भाजी निवडते, कुणी स्तोत्र म्हणते, तशी मी कादंबरी वाचते. आता निवृत्त झाले तरी ती सवय काही सुटलेली नाही. बोरिवलीला लेकीकडे जाताना पिशवीत पुस्तक असतेच.

गेल्या वर्षभरात पाच कादंबऱ्या वाचून झाल्या. तीन शेतीवाडीच्या, एक नदीची आणि एक पुढे येणाऱ्या काळाची. पुस्तके लायब्ररीतून आणते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही १८९८ सालची संस्था, मुख्य ठाणे दादरला, आणि तिच्या शाखा उपनगरांतून आहेत. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालयही आहे. पुस्तक विकत घेणे दरवेळी परवडत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

वाचलेले मी रात्री फोनवरून गावाकडे वहिनीला सांगते, कधी चार पाने वाचूनही दाखवते. दादा शेजारी बसून ऐकत नसल्याचे सोंग करतो. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, पण तिच्या मतापुढे मला पुस्तकांवर लिहिणाऱ्या विद्वानांची मते फिकी वाटतात. म्हणून पुढे जे लिहिते आहे, त्यात निम्मे तिचे आहे.

सर्वात जास्त भांडण झाले ते सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’वरून. कादंबरी २००२ सालची, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मला ती उशिरा हाती लागली. देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले, आणि कादंबरी तिकडच्याच कोरडवाहू शेतकरी घराची. सुभानराव हा बाप, एकनाथ आणि मधू हे दोन मुलगे. एकनाथ पुष्कळ शिकलेला, शिक्षक होण्याच्या लायकीचा. पण संस्थेत लागायचे तर आधी पैसे मोजायचे, आणि ते शेत विकल्याशिवाय उभे राहात नाहीत. एकनाथची बायको अलका म्हणते, जमीन विका, नोकरी घ्या. सुभानराव म्हणतो, जमीन विकणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये एकनाथ पिळून निघतो. धाकटा मधू तर शेतीला कंटाळून झटपट पैशाच्या वाटा शोधू लागतो. पीक, पाऊस, भाव, कर्ज हे सगळे त्या घरात भाकरीबरोबर ताटात वाढलेले असते.

या कादंबरीची खरी ताकद अशी, की लेखकाला शेतातले काम ठाऊक आहे. पुष्कळ कादंबऱ्यांत शेतकरी सकाळी रानात जातो आणि संध्याकाळी परत येतो. मधल्या वेळात त्याने काय केले, हे लेखकालाच माहीत नसते. ‘बारोमास’मध्ये तसे नाही. बैल, बियाणे, मजुरी, बाजार यांचा हिशेब चुकत नाही. वऱ्हाडी बोली मला सुरुवातीला अडली. दहा-वीस पानांनंतर ती कानाला लागली.

वहिनी ऐकून म्हणाली, “वन्सं, समदं खरं हाय. पर ही मानसं हसत्यात कवा? आमी बी कर्जात हाय, म्हनून काय दिसभर रडतो व्हय?” हा आक्षेप मला पटतो. गरिबीच्या घरातही लग्नात नाच होतो, म्हैस व्याली की खरवस वाटला जातो, जावा-जावा एकमेकींच्या नकला करतात. आपल्या ग्रामीण कादंबऱ्यांना दुःखाचा इतका ध्यास लागला आहे, की हसू दाखवले तर दुःख खोटे ठरेल अशी त्यांना भीती वाटते की काय, कोण जाणे.

पण खरा वाद अलकावरून. वहिनीला ती मुळीच आवडली नाही. घर मोडणारी, सासऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारी, असे तिचे मत. मी अलकाची बाजू घेतली, अजूनही घेते. ती शिकलेल्या मुलाशी लग्न करून आली. मुलगा नोकरीला लागेल, या भरवशावर तिच्या आईबापांनी तिला दिली. नोकरी लागेना, तेव्हा त्या घरात रोज काय घडत होते, ते तिच्या डोळ्यांसमोर होते. आपल्या उभ्या आयुष्याची ज्या जमिनीत माती होते आहे, ती जमीन विकावी असे तिला वाटले तर तिला दुष्ट का म्हणावे? लेखकाने एकनाथच्या मनात आपल्याला खोलवर नेले आहे. अलकाच्या मनात दाराशीच उभे केले आहे. तिचे बोलणे तेवढे ऐकू येते, आणि ते कडवट असते. ती रात्री एकटी काय विचार करते, ते पान मला त्या पुस्तकात हवे होते.

हा वाद पुस्तकापुरता नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आमच्या पुतण्याने बी.एड. केले, आणि एका संस्थेत जागा आहे असा निरोप आला. आकडा असा, की विहिरीखालचा एक एकर विकल्याशिवाय जमणार नाही. पुतण्याची बायको विका म्हणते. दादा ना हो म्हणतो ना नाही. आणि वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क असल्याने सातबारावर माझेही नाव आहे. विकायचे तर माझी सही लागणार. तेव्हा वहिनी अलकाला नावे ठेवत होती, ती आपल्या सुनेलाच ठेवत होती, आणि मी अलकाची बाजू घेत होते, ती कुणाची, हे दोघींनाही कळत होते. फोनवर आम्ही ‘बारोमास’विषयीच बोललो. एक एकराचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही.

माझे मत मी नंतर दादाला स्पष्ट सांगितले. अलकाचा राग मला समजतो, पण नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याच्या हातावर जमीन ठेवायला माझी सही मिळणार नाही. पोराला दुग्धव्यवसायासाठी, विहिरीच्या कामासाठी, नाहीतर शहरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देण्यासाठी पैसे लागले, तर माझ्या निवृत्तीच्या पैशांतून देईन. सुनेचे काय म्हणणे आहे, ते तिच्या तोंडून ऐकायला मात्र मी दिवाळीला गावी जाणार आहे. दादाने तिचे म्हणणे मला सांगितले, पुतण्याने सांगितले, वहिनीने सांगितले. तिने अजून सांगितलेले नाही.

दुसरी कादंबरी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खोत कोल्हापूरकडचे. धरणामुळे गाव उठले, माणसे दुसरीकडे वसवली गेली, पण एक म्हैस मागे जुन्या जागी राहिली. तिला आणायला देवाप्पा परत त्या रानात जातो. एवढीच गोष्ट. म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही, रानटी झाली आहे. माणूस आणि जनावर यांच्यातला हा झगडा वाचताना माझे स्टेशन दोनदा निघून गेले.

धरणग्रस्तांवर आपल्याकडे पूर्वीही मोठी कादंबरी झाली आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. तिच्यात कचेऱ्या, पुढारी, मोबदल्याची फाईल, सगळा पसारा दिसतो. खोतांनी तो बाजूला ठेवून एक माणूस आणि एक म्हैस घेतली. माझ्यापुरते विचाराल तर मला ‘रिंगाण’ अधिक लागली. मोबदल्याच्या कागदावर जमिनीचे गुंठे येतात, झाडे येतात, घर येते. जनावराची ओळखीची वाट कोणत्या रकान्यात लिहिणार?

या पुस्तकाची वाक्ये मात्र दाट आहेत. घाईने वाचून चालत नाही, फोनवर वाचून दाखवायला तर मुळीच जमत नाही. मी वहिनीला गोष्टच सांगितली. तिने पुस्तकातला एकही माणूस विचारला नाही. विचारले ते एवढेच, “म्हस गाभन व्हती का?” पुढच्या रविवारी लेक मला गोरेगावच्या आरे कॉलनीतून घेऊन गेली. शहरातले गोठे बाहेर हलवावेत म्हणून १९४९ साली ही वसाहत उभी राहिली. तिथल्या तबेल्यांतून ओळीने बांधलेल्या म्हशी पाहिल्या. बाजूने मोटारी धावताहेत, आणि एकही म्हैस मान वर करून बघत नाही. मला देवाप्पाची म्हैस आठवत राहिली.

नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ तुमच्यापैकी तरुण मुलांनी अवश्य वाचावी. २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. लेखक सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातले. दुष्काळी भाग, घरची गरिबी, दुसऱ्याच्या रानात मजुरी, आणि त्यातून हट्टाने शिकणारा मुलगा. लिहिणे सरळ आहे, नटवलेले नाही. मधे मधे एकामागून एक हालांची इतकी रांग लागते, की वाचणाऱ्याचे मन थोडे बधिर होते. संपादकाने कात्री चालवली असती तर बरे झाले असते. पण या लेखकाला पुरस्कारानंतरही २०२० च्या टाळेबंदीत तासांवरची नोकरी जाऊन शेतमजुरी करावी लागल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. ते आठवले, की कात्रीची भाषा करणे मला जड जाते. वहिनीने ही सगळी ऐकली आणि शेवटी “पोरगं गुनी हाय” एवढेच म्हणाली.

मनोज बोरगावकर यांची ‘नदीष्ट’ ही नांदेडच्या गोदावरीची कादंबरी. रोज नदीत पोहायला जाणारा एक माणूस आणि नदीच्या आश्रयाने जगणारी नाना तऱ्हेची माणसे तिच्यात भेटतात. एक तृतीयपंथी पात्र आहे, आणि लेखकाने तिच्याकडे मायेने पाहिले आहे. आपल्या घराघरांत हे पुस्तक जावे, असे मला वाटते ते यासाठीही. नदीचे वेड मला कळले. नदीवर धुणे घेऊन गेलेल्या बाईला तीच नदी कशी दिसते, हे मला अजून कुणीतरी लिहायला हवे आहे.

पाचवी नंदा खरे यांची ‘उद्या’. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो लेखकांनी स्वीकारला नाही. २०२२ साली ते वारले. कादंबरी येणाऱ्या काळाची, माणसावर सतत पाळत असलेल्या जगाची. खरे सांगायचे तर ती मला जड गेली, आणि अशा पुस्तकाला लागणारा धीर सगळ्यांपाशी असेलच असे नाही. पण बायकांची संख्या घटत गेली तर काय होईल, हा धागा तिच्यात आहे, आणि त्या पानांवर मी थांबले. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार आज गावोगाव ऐकू येते. गर्भातल्या लेकी ज्यांनी नको म्हटल्या, त्यांच्याच घरी आज स्थळांच्या याद्या फिरत आहेत. लेखकाने उद्या म्हणून लिहिलेले काही ठिकाणी कालच सुरू झाले होते.

या पाचांनंतर मी मुद्दाम एक जुने पुस्तक काढले. उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६० ची. तिच्यातली कौतिक विसरता येत नाही. नवरा कुचकामी, मुले लहान, आणि ही बाई मजुरी करून घर ओढते. लेखक पुरुषच आहे, पण तो कौतिकच्या चुलीपाशी बसून सगळे बघतो. म्हणजे पुरुषाला हे जमत नाही असे नाही. मग आजच्या शेतीच्या कादंबऱ्यांत, ज्या घरात निंदणी, खुरपणी, धारा, बचत गटाचा हप्ता हे सगळे बाईच्या अंगावर आहे, तिथे तिचे मन इतके थोडे का येते? अलकाला जर एखादा शेळके भेटला असता, तर आमच्या फोनवरचे भांडण निराळे झाले असते.

मुंबईच्या उपनगरांतल्या आपल्या माणसांची कादंबरीही मी शोधते आहे. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत, अंधेरीच्या कारखान्यांत गावाकडून आलेली, दर महिन्याला घरी पैसे पाठवणारी आणि जत्रेला एस.टी.चे तिकीट काढणारी माणसे थोडी नाहीत. गिरणगावावर पुष्कळ लिहिले गेले. या माणसांवर मनासारखी कादंबरी अजून माझ्या हाती लागलेली नाही. तुमच्यापैकी कुणाच्या वाचनात असेल, तर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.

पुस्तके मिळवण्याचे म्हणाल, तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालये खेडोपाडी आहेत. ‘अ’पासून ‘ड’ वर्गापर्यंत. आपल्या वाचनालयात ही पुस्तके नसतील तर नाव लिहून मागणी करा. वाचकाने मागितल्याखेरीज कपाटात नवे पुस्तक येणे कठीण. वहिनी गेल्या आठवड्यात बाजारच्या दिवशी तालुक्याच्या वाचनालयात स्वतः गेली. ‘बारोमास’ची तिथे एकच प्रत आहे. ती कुणी नेली म्हणून वही पाहिली, तर आमच्या सुनेचे नाव.