निळ्या पाटीचे घर

मुलांनो, लंडन शहरात काही घरांच्या भिंतींवर गोल, निळ्या पाट्या दिसतात. त्या घरात पूर्वी कोण राहत होते, हे पाटीवर लिहिलेले असते. पेकहॅम भागात क्वीन्स रोडवरील १६४ क्रमांकाच्या घरावर अशी एक पाटी आहे. तिच्यावर डॉक्टर हॅरॉल्ड मूडी यांचे नाव आहे. हे मूडी कोण होते?

कॅरिबियन समुद्रात जमैका नावाचे बेट आहे. पूर्वी तेथे इंग्रजांचे राज्य होते. तेथील किंग्स्टन शहरात १८८२ साली मूडींचा जन्म झाला. १९०४ साली ते डॉक्टरीच्या शिक्षणासाठी लंडनला आले. अभ्यासात त्यांनी अनेक बक्षिसे मिळवली. पण रुग्णालयात नोकरी मागितली तेव्हा त्यांचा काळा रंग आड आला.

मूडींनी हिंमत सोडली नाही. १९१३ साली त्यांनी पेकहॅममध्ये स्वतःचा दवाखाना उघडला. इंग्लंडमध्ये सर्वांना मोफत उपचार मिळण्याची सोय १९४८ साली झाली. त्यापूर्वी डॉक्टरांची फी गरिबांना परवडत नसे. मूडी गरिबांच्या मुलांना फी न घेता तपासत. ज्या शहराने त्यांना नोकरी नाकारली, त्याच शहरातील गोऱ्या मजुरांची मुले त्यांच्या औषधाने बरी होत.

त्या काळी लंडनमध्ये काळ्या लोकांना भाड्याने खोली मिळणेही कठीण होते. असे अडलेले लोक मूडींच्या घरी येत. पण एकटा माणूस किती जणांना पुरा पडणार? म्हणून १९३१ साली त्यांनी 'लीग ऑफ कलर्ड पीपल्स' ही संस्था स्थापन केली. गोरे नसलेल्या लोकांना तेव्हा इंग्रजीत 'कलर्ड' म्हणत. ही संस्था नोकरी व घरासाठी मदत करी, मुलांच्या सहली काढी आणि अन्यायाविरुद्ध सरकारकडे दाद मागे. ब्रिटिश सैन्यात अधिकारी होण्यासाठी माणूस युरोपीय वंशाचा असावा लागे. मूडींनी या नियमाविरुद्ध आवाज उठवला. १९३९ साली, महायुद्धाच्या काळापुरता, तो नियम उठवला गेला. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा अधिकारी झाला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये जवळच्या न्यू क्रॉस भागात एका दुकानावर जर्मन रॉकेट पडले. त्यात १६८ माणसे मेली. जखमींच्या मदतीला धावलेल्या डॉक्टरांत मूडी होते.

१९४७ साली मूडी वारले. नोकरी किंवा घर देताना रंगावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला. तो पाहायला ते हयात नव्हते.

तुमच्या वस्तीतही परगावाहून येऊन लोकांच्या उपयोगी पडलेली माणसे असतील. त्यांच्या घरावर पाटी नसेल. वडीलधाऱ्यांना विचारा आणि अशा एका माणसाविषयी दहा ओळी लिहा.